सिमस्केपमध्ये स्वतःची लायब्ररी: बिल्ड होते, पण पोर्ट जुळत नाही

तेलकट_हात

नमस्कार मंडळी. तीन दिवस डोकं आपटून झालं, आता हात टेकले म्हणून इथे आलोय. कोड इथे चिकटवला की अर्धे कंस आणि प्लसची चिन्हं गळून पडतात, त्यामुळे जे आहे ते शब्दांत सांगतो.

मी हायड्रॉलिक टेस्ट रिगवर काम करतो. सिम्युलेशन हा माझा मूळ धंदा नाही, अंगावर आलेलं काम आहे. एका एनआरव्हीची (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) मोजमापं माझ्याकडे आहेत: किती दाबफरकाला किती क्षेत्रफळ उघडतं, असे नऊ बिंदू. सॉफ्टवेअरमधल्या तयार चेक व्हॉल्व्हला (एनआरव्हीचंच दुसरं नाव) क्रॅकिंगचा, म्हणजे उघडायला लागण्याचा, दाब आणि पूर्ण उघडण्याचा दाब असे दोन आकडे दिले की तो मध्ये सरळ रेष धरतो. माझा व्हॉल्व्ह तसा वागत नाही. सुरुवातीला भसकन उघडतो आणि पुढे रेंगाळतो. म्हणून सिमस्केपच्या (मॅटलॅबबरोबरचं, यंत्रणांचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) भाषेत स्वतःचा कॉम्पोनंट, म्हणजे मॉडेलचा सुटा भाग, लिहायला घेतला.

ऑइलकिट नावाचं पॅकेज केलं, म्हणजे नावाआधी प्लस लावलेला फोल्डर. त्यात कॉम्पोनंटची एसएससी फाइल, म्हणजे त्याचा सिमस्केप कोड. फाउंडेशन या सिमस्केपच्या मूळ लायब्ररीतली हायड्रॉलिक डोमेनची (वायरीतून कोणत्या राशी वाहतात ते ठरवणारी) फाइलही त्यात कॉपी करून घेतली, म्हटलं सगळं एका जागी असलेलं बरं. पहिल्या दिवशी बिल्डच होईना, कारण मी एसएससी_बिल्डला, म्हणजे पॅकेजची लायब्ररी करणाऱ्या आज्ञेला, नाव प्लससकट देत होतो. ते सुटलं. आता बिल्ड बिनबोभाट होतं, वरच्या फोल्डरमध्ये ऑइलकिट_लिब ही लायब्ररी तयार होते, ब्लॉकही दिसतो.

पण तो ब्लॉक मॉडेलमध्ये ओढला की पोर्ट, म्हणजे जोडणीचं टोक, कशालाच जोडला जात नाही. पंपाला नाही, टाकीला नाही. वायर नुसती लाल तुटक राहते. माझेच दोन व्हॉल्व्ह एकमेकांना मात्र छान जोडले जातात!

दुसरं, सहकाऱ्याला मॉडेल आणि लायब्ररीची फाइल अशा दोन्ही पाठवल्या, तर त्याच्याकडे ब्लॉकच्या जागी लाल तुटक चौकोन. माझं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?


समीकरणवेडा

दोन व्हॉल्व्ह एकमेकांना जुळतात यातच उत्तर आहे. पोर्टची ओळ कशी लिहिली आहे तेवढी सांगा. ऑइलकिटपासून सुरू होते की फाउंडेशनपासून?


तेलकट_हात

ऑइलकिट.हायड्रॉलिक. पण फाइल शब्दशः तीच आहे हो, एक अक्षर बदललेलं नाही.


जुनी_वायर

तुमचा घोटाळा तिथेच आहे, तेलकटराव. आत काय लिहिलंय यावर डोमेनची ओळख ठरत नाही, पूर्ण नावावर ठरते. फाउंडेशन.हायड्रॉलिक.हायड्रॉलिक हे एक जग, ऑइलकिट.हायड्रॉलिक हे दुसरं. दोन्हींत दाब आहे, प्रवाह आहे, एककंही तीच, पण सॉफ्टवेअरच्या लेखी यांची ओळखपाळख नाही. जुळे भाऊ असले तरी सात-बारा वेगळा.

कॉपी केलेली डोमेन फाइल काढून टाका. तिचं नाव बदलून ठेवू नका, पुढेमागे कुणीतरी ती पुन्हा वापरतं. पोर्टच्या दोन्ही ओळींत फाउंडेशनचं पूर्ण नाव लिहा आणि पुन्हा बिल्ड करा. यात आणखी एक फायदा आहे. हायड्रॉलिक डोमेन नुसते दाब आणि प्रवाह वाहत नाही, तेलाची घनता, श्यानता आणि बल्क मॉड्युलसही त्याच वायरीतून येतात. सर्किटला तेलाचा ब्लॉक जोडला की तिथले आकडे सगळ्यांना मिळतात, नाही जोडला तर डोमेनचे मूळ आकडे लागू होतात, घनता ८५० वगैरे. तुमच्या खासगी डोमेनमध्ये तुम्ही मूळ आकड्यांवरच बसला असता आणि तेल बदलूनही उत्तर का बदलत नाही म्हणून आणखी तीन दिवस घालवले असते.

जाता जाता: सर्किट जुनं असेल तर हायड्रॉलिक डोमेनच ठेवा. नवं काही सुरू करणार असाल तर आयसोथर्मल लिक्विड घ्या, २०२०ए पासून ते आलंय. तिथे आकारमानाच्या प्रवाहाऐवजी वस्तुमानाचा प्रवाह आणि दाब निरपेक्ष. दोन्ही थेट जुळत नाहीत, मध्ये इंटरफेस ब्लॉक लागतो.

आता सहकाऱ्याचं. मॉडेलमध्ये तुमचा ब्लॉक नसतो, ब्लॉकचा पत्ता असतो: अमुक लायब्ररीतला अमुक नावाचा ब्लॉक. ती लायब्ररी आणि तिच्या मागचा प्लसवाला फोल्डर त्याच्या पाथवर (सॉफ्टवेअर फाइली शोधतं त्या फोल्डरांची यादी) नसेल तर लाल चौकोन येणारच. बिल्ड झालेली फाइल एकटी पाठवून भागत नाही, ती नुसती दर्शनी भिंत आहे. अख्खा प्लस फोल्डर पाठवा, त्याचा वरचा फोल्डर पाथवर टाकायला सांगा आणि बिल्ड त्याला स्वतःलाच करू द्या. वरचा फोल्डर, बरं का. प्लसवाला फोल्डर पाथवर टाकायचा नसतो. तुमच्याकडे नवी आवृत्ती आणि त्याच्याकडे जुनी असली, तरी त्याने तिथेच बिल्ड केलेलं बरं. तुमची तयार लायब्ररी तिथे कुरकुर करणारच.

कोड दाखवायचा नसेल तर एसएससी_मिरर आहे, ते पूर्ण पॅकेजची बंद प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून देतं. मात्र बंद केलेली फाइल तिच्यापेक्षा जुन्या आवृत्तीत चालत नाही. म्हणजे घेणाऱ्याकडची आवृत्ती आधी विचारा, मग कुलूप लावा.

पाथचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती सांगते. एकदा एका मोटरच्या कॉम्पोनंटमध्ये घर्षणाचं पद बदललं, बिल्ड केलं, आलेख तसाच. घर्षण दहापट केलं, आलेख तसाच. शेवटी समीकरणात मुद्दाम स्पेलिंग चुकवलं, तरी मॉडेल खुशाल चालतंय! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आदल्या महिन्यात पॅकेजची बॅकअप कॉपी केली होती आणि ती पाथवर आधी लागत होती. बिल्ड इकडे, चालतंय तिकडे. तेव्हापासून काही विचित्र दिसलं की आधी व्हिच ही आज्ञा, पुढे लायब्ररीचं नाव आणि मायनस ऑल. दोन ओळी आल्या की चोर सापडला. बॅकअपसाठी गिट (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) आहे, फोल्डरच्या नावापुढे जुना, जुना२, नक्कीशेवटचा लावत बसू नये.


समीकरणवेडा

जुनी_वायर यांच्या यादीत एक माझं. कॉम्पोनंटच्या घोषणेखालची पहिली कॉमेंट म्हणजे लायब्ररीतलं ब्लॉकचं नाव. शोभेसाठी ती बदललीत तर पत्ता बदलतो आणि जुन्या मॉडेलांत पुन्हा लाल चौकोन. पॅरामीटरच्या ओळीपुढची कॉमेंट डायलॉगमध्ये दिसते, ती हवी तितकी बदला. पोर्टपुढच्या कॉमेंटमध्ये नाव, कोलन आणि बाजू लिहिली की पोर्ट त्या बाजूला बसतो. आणि तयार झालेल्या लायब्ररीत हाताने काही सजवू नका, पुढच्या बिल्डला सगळं पुसलं जातं.

शिवाय प्रत्येक स्वल्पविरामाला अख्खं पॅकेज बिल्ड कशाला करताय? युटिलिटीजमध्ये सिमस्केप कॉम्पोनंट नावाचा ब्लॉक आहे. त्याला थेट एसएससी फाइल दाखवा आणि छोट्या मॉडेलमध्ये तपासा. पक्कं झालं की मग लायब्ररी.


तेलकट_हात

दोघांचेही आभार. कॉपी काढली, फाउंडेशनचं नाव लावलं, पोर्ट एका झटक्यात जुळले. सहकाऱ्याकडेही चाललं. सिमस्केप कॉम्पोनंट ब्लॉक तर आधीच माहीत असायला हवा होता.

आता नवं दुखणं. सिम्युलेशन ०.०३१२ सेकंदावर येऊन जे चिकटतं ते चिकटतंच. कधी स्टेप किमान मर्यादेखाली गेली म्हणून थांबतं, कधी नुसतंच गरगरत राहतं. पंप नुकताच सुरू झालेला असतो, व्हॉल्व्हवरचा दाबफरक शून्याच्या अलीकडे-पलीकडे करत असतो.

माझ्या समीकरणांचा भाग असा. चल राशी दोन: प्रवाह आणि दाबफरक. ब्रँचेसमध्ये, म्हणजे प्रवाहाची वाट सांगणाऱ्या भागात, प्रवाह ए पोर्टकडून बी पोर्टकडे. समीकरणं दोन. एक, दाबफरक म्हणजे एचा दाब वजा बीचा दाब. दोन, प्रवाह म्हणजे सीडी (डिस्चार्ज गुणांक) गुणिले क्षेत्रफळ, गुणिले दाबफरकाचं चिन्ह, गुणिले वर्गमूळ, आणि वर्गमुळात २ भागिले घनता गुणिले दाबफरकाची निव्वळ किंमत. सीडी ०.७. क्षेत्रफळ टेबललुकअपने, म्हणजे तक्त्यातून किंमत काढून देणाऱ्या फंक्शनने, माझ्या नऊ बिंदूंवरून. पुस्तकातलं समीकरण जसंच्या तसं आहे.


समीकरणवेडा

मोजणी बरोबर आहे, दोन राशी, दोन समीकरणं. ब्रँचची ओळ समीकरणांत धरली नाहीत हे चांगलं केलंत, निम्मे लोक तिथेच अडकतात. दुहेरी बरोबरचं चिन्हही वापरलेलं दिसतंय, नाहीतर इथवर आलाच नसता.

अडचण वर्गमुळात आहे. पुस्तक कागदावर असतं, त्याला शून्य ओलांडायचं नसतं. सॉल्व्हरला, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या भागाला, प्रत्येक पावलावर उतार लागतो: दाब किंचित बदलला तर प्रवाह किती बदलेल. वर्गमुळाचा उतार शून्यापाशी अनंताकडे जातो. आकड्यात बघा. १ बारला जो उतार आहे त्याच्या ३१६ पट उतार १ पास्कलला आहे, आणि त्याच्याही आत तो वाढतच जातो. सॉल्व्हर एक पाऊल टाकतो, पलीकडे पडतो, परत येतो, पाऊल बारीक करतो, पुन्हा पलीकडे.


जुनी_वायर

इथे जरा सावकाश जाऊ, कारण द्रवाच्या प्रत्येक कॉम्पोनंटमध्ये हे पुन्हा भेटतं.

चिन्ह आणि निव्वळ किंमत दोन्ही काढा. त्या जागी असं ठेवा: अंशात दाबफरक. छेदात दाबफरकाचा वर्ग अधिक संक्रमण-दाबाचा (आपण ठरवायचा एक छोटा दाब) वर्ग, आणि त्या बेरजेचं चौथं मूळ. बाहेर सीडी, क्षेत्रफळ आणि २ भागिले घनतेचं वर्गमूळ तसंच. दाब मोठा असला की संक्रमण-दाब नगण्य होतो आणि वर्गमूळ परत मिळतं. दाब शून्याजवळ आला की छेद जवळपास स्थिर होतो आणि प्रवाह दाबाच्या सरळ प्रमाणात जातो. खऱ्या तेलातही बारीक दाबफरकाला प्रवाह लॅमिनार (शांत, थराथराने वाहणारा) होतो, तेव्हा ही काही फसवाफसवी नाही. आणि चिन्ह अंशातल्या दाबफरकाबरोबर आपोआप येतं.

अचूकता जाईल अशी भीती वाटत असेल तर हिशेब करून बघा. संक्रमण-दाब १००० पास्कल धरला, तर १ बारला प्रवाह ०.००२५ टक्के कमी येतो. तुमच्या रिगवरचा फ्लोमीटर याच्या आसपाससुद्धा फिरकत नसेल.

संक्रमण-दाब पॅरामीटर म्हणून उघडा ठेवा, एकक पास्कल लावून. आत नुसता १००० लिहिलात तर एककं जुळत नाहीत म्हणून कंपायलर ओरडेल, आणि ते ओरडणं तुमच्या भल्यासाठीच आहे. बार आणि पास्कल तो स्वतः फिरवून घेतो, पण दाबात उघडा आकडा मिळवू देत नाही.


तेलकट_हात

चाललं! ०.०३१२ कधी गेलं कळलंही नाही, दहा सेकंदांचं सिम्युलेशन चहा येण्याआधी संपलं.

पण आता जे दिसतंय ते सांगायलाही संकोच वाटतो. टाकीकडचा दाब मुद्दाम पंपापेक्षा १ बार जास्त केला, एनआरव्ही बंद होतो का बघायला. बंद होणं सोडा, तेल पुढेच वाहतंय. कमी दाबाकडून जास्त दाबाकडे. व्हॉल्व्हचा पंप झाला! पोर्ट उलटे जोडलेत का म्हणून चार वेळा पाहिलं. उलटे नाहीत.


जुनी_वायर

संकोच कसला, हे तर सगळ्यात छान झालं. बिल्डला नावं, एककं आणि मोजणी कळते, तेल कुठे वाहावं हे कळत नाही. टेबलचे पहिले दोन बिंदू सांगा. आणि टेबललुकअपमध्ये एक्स्ट्रापोलेशनचं (टेबलबाहेरच्या दाबाला कोणती किंमत धरायची ते) काही लिहिलंय का?


तेलकट_हात

पहिला बिंदू ०.३ बारला १ चौरस मिलिमीटर, दुसरा ०.५ बारला ५. शेवटचा ३ बारला २२. एक्स्ट्रापोलेशनचं काही लिहिलं नाही.


जुनी_वायर

मग कागद घ्या. काही लिहिलं नाही तर टेबललुकअप बाहेरच्या बाजूला शेवटची रेष सरळ पुढे ओढतं. तुमच्या पहिल्या दोन बिंदूंमधला चढ बारमागे २० चौरस मिलिमीटर. ही रेष डावीकडे ओढली की ०.२५ बारला क्षेत्रफळ शून्य, आणि त्याच्याही खाली ऋण. उलट्या १ बारला किती? १ वजा २० गुणिले १.३, म्हणजे वजा २५ चौरस मिलिमीटर. क्षेत्रफळ ऋण, दाबफरक ऋण, गुणाकार धन. तेल पुढे. सॉफ्टवेअरने तुमचं म्हणणं तंतोतंत ऐकलंय.

दोन गोष्टी करा. एक्स्ट्रापोलेशन निअरेस्ट लिहा, म्हणजे बाहेर गेल्यावर टोकाचीच किंमत धरली जाईल. पण तेवढ्याने टोक १ चौरस मिलिमीटरचंच राहतं आणि उलट्या दाबाला तुमचा एनआरव्ही भळाभळा गळेल. म्हणून टेबलच्या आधी आणखी एक बिंदू टाका, समजा ०.२ बारला गळतीचं क्षेत्रफळ.

ते शून्य लिहायचा मोह होईल, लिहू नका. सगळे व्हॉल्व्ह एकदम बंद झाले की मधला तेलाचा तुकडा कशालाच जोडलेला राहत नाही, त्याचा दाब ठरवायला समीकरणं पुरत नाहीत आणि सॉल्व्हर रुसतो. तयार चेक व्हॉल्व्हमध्येसुद्धा गळतीचं क्षेत्रफळ याचसाठी असतं, १ चौरस मीटरचा एक लाख-कोटीवा भाग, म्हणजे तुमच्या एककात ०.०००००१ चौरस मिलिमीटर. तोच आकडा घ्या.


आळशी_सॉल्व्हर

मध्येच तोंड घालतो. क्षेत्रफळ जर इफ-एल्सने लिहिणार असाल (बरेच जण तेच करतात) तर दोन्ही फाट्यांत समीकरणांची संख्या सारखी ठेवा, नाहीतर बिल्डच होत नाही. आणि व्हॉल्व्ह क्रॅकिंग दाबापाशी थरथरू लागला तर उघडझापीला थोडा वेळ लागू द्या: उघडीक ही तिसरी राशी, आणि तिचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे हवी ती उघडीक वजा सध्याची, भागिले काही मिलिसेकंद. व्हॉल्व्हमधल्या गोळीला वस्तुमान असतंच की.


तेलकट_हात

दहावा बिंदू टाकला, निअरेस्ट लिहिलं. उलट्या १ बारला प्रवाह इतका बारीक की आलेखात शून्याची रेष वाटते. थरथर अजून तरी नाही, पण वेळेची युक्ती वहीत टिपून ठेवली.

आता शेवटचं, मग तुम्हाला सोडतो. ३ बारला मॉडेल मिनिटाला २४.५ लिटर देतंय. रिगवर तोच व्हॉल्व्ह, तेच तेल, ३ बारला २१.७. बाकी बिंदूंवरही तसंच, सगळीकडे साधारण १३ टक्के जास्त. संक्रमण-दाब कमी-जास्त करून पाहिला, काही फरक नाही. घनता तपासली, ८५०च आहे.


जुनी_वायर

सगळीकडे सारखाच टक्का म्हणजे कुठेतरी एक गुणक बसलाय. तुमच्या रिगवर क्षेत्रफळ मोजायला काही नसणार. तुम्ही प्रवाह आणि दाब मोजून त्यावरून क्षेत्रफळ काढलं असणार. ते काढताना सीडी किती धरला होता?


तेलकट_हात

वही उघडली. ०.६२.

कॉम्पोनंटमध्ये ०.७ मी कुठून आणला हे आता आठवतही नाही. बदलला. २१.७.


जुनी_वायर

जुळणारच, ज्या आकड्यांतून क्षेत्रफळ काढलंत तेच परत मिळालेत. आता टेबलमध्ये न घातलेला एखादा बिंदू रिगवर घ्या, १.७ बार किंवा असाच काही, आणि तो किती येतो ते इथे लिहा.